शेवटची ओळ

सगळ्यात खाली, आठ पॉइंटात,
कुणीच वाचत नाही ती ओळ:
मुद्रक : भू. ता. मगदूम, वर्धमान प्रिंटिंग प्रेस, तासगाव.
वडिलांनी ती कायमची जुळवून
दोऱ्यानं बांधून ठेवलेली.
लग्नपत्रिका उतरली की काढायची,
जनावरांच्या बाजाराचं हँडबिल चढलं की
तीच परत त्याच्या पायाशी.

भिंतीवर, सगळ्या कॅलेंडरांच्या वर, काचेत डिक्लरेशन.
मिरजेला प्रांतापुढं उभं राहून केलेलं:
मी खाली सही करणार प्रतिज्ञेवर सांगतो की
माझ्या ताब्यात छापखाना आहे.
मला वाटायचं, हे असं का लिहिलंय,
गुन्हा कबूल केल्यासारखं?
शेजारच्या भडभुंज्यानं तर
माझ्या ताब्यात भट्टी आहे
अशी शपथ कुठं घेतली नव्हती.

शहाऐंशीचा बेदाणा यार्डात आला तेव्हा
रात्री दहाला दोन हमाल आले.
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं लिहिलेलं:
पेटीमागं पाव किलो कुणाला मिळतो?
पुढं चार आडत्यांची नावं.
खाली आमचं नाव नको, म्हणाले.
तुमचं नको, वडील म्हणाले, माझं लागतंच. कायदा हाय.
धाकटा हमाल दाराकडं बघत बोलला,
प्रेस कुठली कळलं की
कोण आलं हुतं तेबी कळतंय, अण्णा.

बाबालाल मुजावर, आमचा जुळारी,
हातात रिकामी स्टिक घेऊन थांबलेला.
वडिलांनी बांधलेली ओळ उचलली,
जरा वेळ तळहातावर तोलली
आणि कोटाच्या खिशात टाकली.
मग ट्रेडल दोनपर्यंत.
मी ओले कागद
तांदळाच्या पोत्यांवर, खाटेवर, जिन्याच्या पायऱ्यांवर पसरत होते.
खाली कोरी जागा.
मला तिथं सारखं काहीतरी दिसत होतं.

पाचव्या दिवशी फौजदार.
त्यानं नाव विचारलंच नाही.
केसमधले सगळे ळ काढायला लावले,
पाटावर मांडले, गव्हातले खडे बघावेत तसे बघितले.
एकाचं डावं पोट फुटकं.
पत्रकातल्या मिळतोचंही डावं पोट फुटकं.
बाबालाल हळूच म्हणाला,
पुण्यास्नं नवा मागवा म्हणून
दिवाळीपासनं सांगत हुतो.

मग प्रांत ऑफिसची नोटीस आली. छापील.
वडील छापलेलं काहीही खालून वर वाचायचे,
सवयच होती. तशीच वाचली
आणि खुर्चीत बसून हसायला लागले,
आई आतनं बाहेर आली.
तळाशी आठ पॉइंटात आम्हीच होतो.
आपणांस कळविण्यात येते की,
यातल्या ळचं डावं पोट फुटकं.
हजार प्रती, मार्चमध्ये दिलेल्या.
बिल अजून थकलेलं.

मिरजेला मीही गेले, बरोबर डबा घेऊन.
साहेबांनी विचारलं, हे तुम्ही छापलं?
वडिलांनी पत्रक आणि नोटीस शेजारी शेजारी ठेवली.
दोन्ही मीच छापलंय साहेब,
एकावर नाव घालायचं राहिलं.
राहिलं, की घातलं नाही?
वडील बराच वेळ गप्प.
पंखा फिरत होता, कागद उडू नये म्हणून
कारकुनानं त्यावर शिक्का ठेवला.
घातलं नाही.
छापायला कोण आलं होतं?
रात्री शाईनं हात भरलेले असतात,
तोंडाकडं बघायचं राहून जातं.

दोनशे रुपये दंड.
बाहेर व्हरांड्यात त्यांनी पावती खालून वर वाचली.
सांगलीच्या कुठल्याशा प्रेसचं नाव होतं.
बोटानं घासून बघितलं.
शाई पातळ केलीय, म्हणाले,
आणि डबा सोडला.